ओढ्याच्या काठाचे भाडे



तुमच्या शेताच्या कडेने ओढा वाहतो आहे. त्याच्या काठचा एक पट्टा पिकाखालून काढा, तिथे झाडे लावा, गुरांना कुंपणाबाहेर ठेवा आणि त्या पट्ट्याचे भाडे दरसाल सरकारकडून घ्या, असे कोणी सांगितले तर तुम्ही म्हणाल, "हे काय नवीनच?" पण अमेरिकेच्या वायव्य टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात १९९८ साली अशीच योजना निघाली. केंद्र आणि राज्य अशा दोन्ही सरकारांनी तिला पैसा दिला. करार दहा ते पंधरा वर्षांचा. आणि हे सारे कशासाठी? तर सॅमन नावाच्या माशासाठी!

मासा पाण्यातला आणि भाडे जमिनीचे, हा संबंध कळायला त्या माशाचे आयुष्य पाहिले पाहिजे.

सॅमनचा जन्म गोड्या पाण्यात होतो. मादी शेपटीने ओढ्याच्या तळच्या गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा गोटे लोटते. गोट्यांच्या फटींतून गार पाणी खेळत राहिले तरच अंडी जगतात. पिले वाढली की समुद्राची वाट धरतात. तिथे काही वर्षे राहून, अंगाने भरून, ती बहुधा जन्माच्याच ओढ्याकडे परततात. जवळ आल्यावर पाण्याच्या वासावरून ती आपला ओढा ओळखतात, बरं का! अंडी घालून झाली की पॅसिफिकच्या बहुतेक जाती तिथेच मरतात आणि त्यांच्या देहाचे खत काठच्या झाडांना मिळते. झाड माशाला सावली देते, मासा समुद्रातले सत्त्व आणून झाडाला घालतो. असा हा जुना देण्याघेण्याचा व्यवहार आहे.

तो बिघडला कसा? मोठी धरणे आणि बेसुमार मासेमारी यांचा दोष आहेच. पण लहान ओढ्यांचे नुकसान चटकन डोळ्यांत भरत नाही. काठची झाडे तोडली की ऊन थेट पाण्यावर पडते. सॅमनच्या मुख्य ओढ्यांत उन्हाळ्यातही पाणी १६ अंश सेल्सिअसच्या वर तापू नये, असा त्या राज्याचा दंडक आहे. झाडांबरोबर मुळे जातात, काठ ढासळतो, गाळ गोट्यांच्या फटींत बसतो आणि अंडी गुदमरतात. ओंडक्यांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ओढ्यात पडलेले ओंडके माशांची वाट अडवतात, असे एके काळी तिथल्या अधिकाऱ्यांना वाटे. म्हणून सरकारी खर्चाने ते उचलून नेले. पुढे कळले की ओंडक्यांमुळेच डोह तयार होतात आणि पुराच्या वेळी पिले तिथे आसरा घेतात. मग सरकारी खर्चानेच ओंडके पुन्हा ओढ्यात ठेवण्याचे काम सुरू झाले!

१९९९ साली प्यूजेट साउंड या आखाताच्या परिसरातला चिनूक सॅमन कायद्याने धोक्यातला प्राणी ठरला. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने सॅमनच्या कामांना निधी देणारे एक मंडळ नेमले. २००० साली अमेरिकेच्या संसदेने पॅसिफिक किनाऱ्यावरची राज्ये आणि आदिवासी जमाती यांच्यासाठी वेगळा निधी उभा केला.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचा काठ त्याने सांभाळावा. त्यात सरकारने खिसा का मोकळा करावा? प्रश्न रास्त आहे. पण हिशेब करून बघा. जमीन जाते शेतकऱ्याची. त्याच्या झाडाखाली वाढलेला मासा मात्र धरला जातो दूर समुद्रात, दुसऱ्याच कोणाच्या जाळ्यात. सावली एकाची आणि लाभ अनेकांचा असेल, तर खर्चही अनेकांनीच उचलावा.

शिवाय सरकारची मान एका जुन्या वचनातही अडकलेली आहे. १८५४-५५ साली तिथल्या आदिवासी जमातींनी करार करून आपल्या बहुतेक जमिनी दिल्या, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की धरण्याजोग्या माशांत निम्मा वाटा या जमातींचा आहे. पण मासाच उरला नाही, तर निम्मा वाटा कशाचा? २००१ साली जमाती पुन्हा न्यायालयात गेल्या. राज्याच्या रस्त्यांखालच्या मोऱ्या इतक्या अरुंद, काही इतक्या उंचावर, की मासा वर चढूच शकत नव्हता. २०१३ साली न्यायालयाने त्या दुरुस्त करण्याचा हुकूम दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात तो कायम राहिला. हा खर्च अब्जावधी डॉलरांच्या घरात गेला. मोरी बांधताना केलेली काटकसर अशी अंगाशी आली.

मग सक्तीच का करू नये? २०२२ साली राज्यपाल जे इन्स्ली यांनी काठ राखणे बंधनकारक करणारे विधेयक पुढे आणले. शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचेही चूक नव्हते. लहान खातेदाराच्या ओढ्याकाठच्या पट्ट्यात त्याची सर्वांत कसदार जमीन असते. विधेयक बारगळले. आपखुशीने काठ सोडणाऱ्याला मोबदला देण्याचा मार्गच पुढे चालू राहिला.

खरी अडचण मला याच्याही पुढे दिसते. सरकारी पैसा चालतो अंदाजपत्रकाच्या पावलाने आणि झाड वाढते आपल्या पावलाने. विलो, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातकुळीचे झाड, लवकर वाढते. पण पाण्यावर दाट सावली धरणारा आणि पुढे ओढ्यात पडून डोह घडवणारा सीडर किंवा फर वृक्ष तयार व्हायला माणसाचा जन्म जातो. पहिली काही वर्षे तर रोप आणि तण यांची झुंजच असते. तिथे 'हिमालयन ब्लॅकबेरी' नावाची काटेरी वेल माजते. नाव हिमालयाचे, पण मूळ बहुधा आर्मेनियाकडचे! ती दरवर्षी कापली नाही तर रोपे तिच्याखाली दडपून मरतात. लागवडीला अनुदान मिळते. लागवडीचे छायाचित्रही छापून येते. पाचव्या वर्षी तण काढणाऱ्याच्या मजुरीसाठी मात्र कोणी उत्साहाने हात वर करत नाही.

शेजारच्या ओरेगॉन राज्याने यावर एक तोड काढली. १९९८ साली तिथल्या मतदारांनी ठरवले, की राज्याच्या लॉटरीच्या निव्वळ उत्पन्नातले १५ टक्के उद्याने आणि ओढे-मासे यांच्यासाठी राखून ठेवायचे. ही तरतूद मुदतीची होती. २०१० साली पुन्हा मत घेऊन त्यांनी ती संविधानात कायमची केली. लॉटरीचा पैसा चांगला की वाईट, हा वाद निराळा. पण दरसाल येणारा ठरलेला पैसा म्हणजे काय, हे त्यांना उमगले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा माशाच्या पराक्रमापाशीच थांबू नका. तो मासा समुद्रातून शेकडो मैल चढून येतो, पण शेवटच्या मैलावर त्याला सावली मिळेल की नाही, हे एका शेतकऱ्याच्या कुंपणावर आणि एका कचेरीतल्या मंजुरीवर ठरते. झाडे लावण्याची कोणतीही योजना निघाली, की किती रोपे लावणार, हे सगळेच विचारतात. पाचव्या वर्षी त्यांच्याकडे कोण बघणार आणि त्याची मजुरी कोण देणार, हेही विचारायला मुलांना शिकवा. त्याचे उत्तर ज्या कागदावर लिहिलेले असेल, ती योजना खरी समजावी.