दुखण्यात तालीम करावी काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलवाव्यात असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा चिटणीसबाईंनी घरच्याच बाईला उभे केले आहे. तेव्हा वक्तृत्वाची अपेक्षा कृपा करून ठेवू नये. गेली २२ वर्षे मी मंडळाच्या या सभागृहात मुलींचा आणि बायकांचा ज्युदो व लाठीचा वर्ग घेते. एवढ्या वर्षांत मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न कुठल्या डावाविषयीचा नाही. तो असा असतो : "बाई, आज बरे वाटत नाही, वर्गाला येऊ की नको?" याच प्रश्नावर आज चार शब्द बोलायचे ठरवले आहे.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक तालमीत मिळते : "घाम गाळ, म्हणजे ताप पळेल. सराव एकदा मोडला की मोडलाच." दुसरे घरी मिळते : "दुखणे लागले ना मागे? मग आता पुरे झाले ते मारामारीचे शिक्षण!" पहिले ऐकून मुली तापात गादीवर उतरतात. दुसरे ऐकून चाळिशीच्या बायका रक्तात साखर निघाली की वर्गाला कायमचा रामराम ठोकतात. मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत, कारण दुखणे कोणते आहे हे दोन्हींत कोणी विचारतच नाही.

मी आपली बायकी विभागणी करते. काही दुखणी पाहुणी असतात, काही घरची असतात. सर्दी, ताप, जुलाब, मलेरिया, डेंग्यू ही पाहुणी. येतात, चार दिवस राहतात, जातात. मधुमेह, दमा, आमवात, रक्तदाब ही घरची. ती आली की आपल्याबरोबर राहायचीच. पाहुणा घरात आहे तोवर तालीम बंद ठेवावी, आणि घरच्याला सांभाळून तालीम चालू ठेवावी, एवढेच माझे सांगणे आहे. आता ते जरा फोडून सांगते.

पाहुण्या दुखण्यात सर्वांत साधी नाकातली सर्दी. ताप नाही, अंग मोडून आलेले नाही, नुसते नाक वाहते आहे, तर हलका सराव करायला हरकत नाही. लाठीचे हात एकटीने फिरवावेत, पावलांचा सराव करावा. जोडीदारणीच्या अंगाशी मात्र जाऊ नये. आपली सर्दी तिच्या घरी कशाला पाठवायची? परंतु ताप आला, छातीत खोकला उतरला, अंग ठणकू लागले, पोट बिघडले, तर मग तालीम नाही.

याचे कारण समजून घ्या. तापात हृदय आधीच जोराने धावत असते. ताप सेल्सिअसच्या १ अंशाने वाढला तर नाडीचे ठोके मिनिटाला साधारण १० ने वाढतात. अंगातले पाणी आटलेले असते. त्यात आपण झुंज खेळायला गेलो, तर त्या बिचाऱ्या हृदयावर दुहेरी ओझे पडते. काही विषाणू तर हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. अशी सूज असताना जोराची मेहनत केली तर जिवावर बेतू शकते. म्हणून ती आलेल्या खेळाडूला डॉक्टर ३ ते ६ महिने मैदानाबाहेर ठेवतात. घाम गाळून ताप पळवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट आपल्या विद्येचीच आहे. धावणारी मुलगी तापात धावली तर तिचे तीच भोगते. आपल्या विद्येत जोडीदारीण आपल्या हाती असते. तिला उचलून टाकताना आपला हात क्षणभर ढिला पडला, तर तिची मान अवघडते. तापलेले डोके आणि थकलेले हात घेऊन दुसरीच्या लेकीला उचलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका मुलीला डेंग्यू झाला. पट्ट्याची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि ती आईला घेऊन माझ्याकडे आली. आई म्हणाली, "बाई, फी भरलेली आहे, वर्षभर पोरीने मेहनत केली आहे, आता तापही नाही. तेवढी परीक्षा देऊ द्या." मी नाही म्हटले. डेंग्यूत ताप उतरतो तेच दिवस खरे जपण्याचे असतात. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, त्या निरोगी माणसात दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. तिच्या त्या दिवशी ६० हजार होत्या. अशा अंगावर पडण्याचे आणि आपटण्याचे धक्के बसले तर आतल्या आत रक्तस्राव व्हायचे भय असते. आई रागावून गेली. पुढे महिनाभर रस्त्यात भेटली तरी बोलली नाही. मुलगी रडली. पण बिंबिका भरून आल्या, डॉक्टरांनी मोकळीक दिली, आणि सहा महिन्यांनी त्याच मुलीने तोच पट्टा बांधला. पट्टा कपाटात थांबून राहतो. त्याला घाई नसते.

मलेरियात आणि विषमज्वरात आणखी एक धोका असतो. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, जुन्या बायका जिला पानथरी म्हणत, ती सुजते. त्यावर गुडघा बसला किंवा वाईट पडणे झाले तर ती फाटू शकते. म्हणून ताप गेला तरी डॉक्टरांनी पोट तपासून होय म्हटल्याखेरीज गादीवर येऊ नये. आणि नायटा, गजकर्ण, खरूज यांना क्षुल्लक समजू नका. त्यांनी अशक्तपणा येत नाही हे खरे. पण एका गादीवरून ती दहा घरी जातात. औषध लावून पुरते बरे होईपर्यंत गादीला शिवू नये, यात लाजण्यासारखे काही नाही.

आता मी जरा कडू बोलणार आहे. मुलीला मी म्हणते, "ताप आहे, घरी जा, विश्रांती घे." ती घरी जाते. पण बायकांच्या बाबतीत मी काय पाहते? बाई वर्गाची रजा घेते आणि घरी जाऊन वीस पोळ्या लाटते, बादलीभर कपडे पिळते, पाण्याचे हंडे भरते. ही कसली विश्रांती? तालीम बंद केली ती घाम येतो म्हणून, आणि ओट्यापाशी काय घाम येत नाही? आपल्या भाषेत "दुखणे अंगावर काढणे" असा एक शब्दप्रयोग आहे. पुरुष आजारी पडतो. बाई दुखणे अंगावर काढते. स्वतःसाठी असलेला आठवड्यातला तीन तासांचा वर्ग तेवढा ती पहिल्या शिंकेला सोडते, आणि दुसऱ्यांसाठी असलेले एकही काम सोडत नाही. ज्या हृदयाला तालीम सोसवत नाही, त्याला पाण्याचे हंडेही सोसवत नाहीत. तेव्हा ताप असेल तर दोन्हींना रजा द्या. घरातल्यांनीही हे ऐकावे, म्हणून मुद्दाम आज सर्वांसमक्ष बोलते आहे.

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपण म्हणतो. परत येतानाही मुंगीचेच पाऊल ठेवावे. पहिल्या दिवशी निम्मा वेळ. झुंज नाही, पडणे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना जास्त थकवा वाटला तर आणखी दोन दिवस थांबावे. छातीत दुखले, धाप लागली, धडधडले किंवा भोवळ आली, तर सरळ डॉक्टरांकडे जावे. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात तर धडधाकट माणसालासुद्धा थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगितले आहे, आणि एरवी त्याहूनही कमी. मग दुखण्यातून उठलेल्या बाईने पुरी शक्ती लावण्याचा हट्ट का धरावा?

आता घरच्या दुखण्यांकडे वळते. इथे माझे सांगणे उलट आहे. ९ वर्षांपूर्वी माझ्या हातांच्या सांध्यांना आमवात जडला. सकाळी मला चहाची किटली धरवत नाही. "आता वर्ग बंद ना?" असे मला किती जणींनी विचारले! माझ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र औषध सांभाळून, सुजेचे दिवस टाळून, हालचाल चालू ठेवायला सांगितले. सांधे सुजलेले असतात तेव्हा मी कोणाचा अंगरखा पकडत नाही, पावले शिकवते. जड लाठीऐवजी हलका वेत घेते. काही डाव माझ्यापुरते संपले, पण विद्या संपलेली नाही.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात कंपवाताच्या १९५ रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. ताई ची ही चिनी युद्धविद्या, संथ गतीने, आठवड्यातून दोनदा, सहा महिने शिकलेल्या रोग्यांचा तोल सुधारला; नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. कंपवाताला जे जमते ते आपल्या साखरेला का जमू नये? मधुमेही भगिनींनी वर्गाआधी काही खावे आणि साखरेची पुडी जवळ ठेवावी. दम्याच्या भगिनींनी आपला पंप पिशवीत न ठेवता गादीच्या कडेला ठेवावा. रक्तदाब चढलेला असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबावे, आणि एरवीही जोर लावताना श्वास कोंडू नये.

एक दुखणे असे आहे की ते आपण दुखणे मानतच नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे वर्गात दहा जणी असल्या तर निम्म्याहून अधिक! धाप लागते, पाय गळतात, आणि आपण म्हणतो, "मला काही हे जमायचे नाही." अहो, जमत नाही ती विद्या नव्हे, कमी आहे ते रक्त. तपासून घ्या, औषध घ्या, मग पाहा. आणि महिन्याचे चार दिवस हा मुळी आजारच नाही. ज्या दिवशी बरे वाटेल त्या दिवशी यावे, पोट दुखत असेल तर बसावे. त्याला कोणाची परवानगी नको. गरोदरपणात मात्र पडण्याचे आणि झुंजीचे प्रकार थांबवावेत.

शेवटी, वर्गाला येता येत नाही तेव्हा काय करावे? ज्युदोची शाळा जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत काढली. तिकडच्या तालमींत एक सुंदर रीत आहे. दुखणाईत शिष्य गादीच्या कडेला बसतो आणि दुसऱ्यांचा सराव पाहतो. पाहून शिकणे हीसुद्धा तिथे तालीमच मानतात. केइको फुकुदा या बाई १९३५ साली त्या शाळेत शिरल्या. पुढे अमेरिकेत नव्वदी उलटल्यावरही त्या शिकवीत होत्या. २०११ साली, ९८ व्या वर्षी, त्यांना तिथल्या ज्युदो संस्थेने सर्वोच्च दहावी पायरी दिली. २०१३ साली त्या वारल्या. त्यांचा आवडता प्रकार असा, की त्यात कोणी कोणाला आपटत नाही आणि तो साध्या कपड्यांतही करता येतो. बळ उतरल्यावर हाती काय उरते, याचे हे उदाहरण.

म्हणून कार्यकारिणीला माझ्या तीन विनंत्या आहेत. आजारपणामुळे कोणाचे नाव पटावरून काढू नये. भिंतीशी एक बाक ठेवावा, आणि ज्यांचे दुखणे संसर्गाचे नाही त्यांनी बाकावर बसून पाहिले तरी हजेरी लागावी. तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. वर्गातील बाई तापाने पडली, तर तीन दिवस तिच्या घरी आळीपाळीने डबा जावा. तिला विश्रांती घे म्हणून सांगणे सोपे आहे. ती तिला मिळवून देणे हे आपले काम आहे. एकीने दुसरीला कसे सावरावे हेच तर आपण गादीवर शिकतो.

 पहिल्या डब्यासाठी माझे नाव चिटणीसबाईंनी लिहून घ्यावे, इतके सांगून आपली रजा घेते.