पोलादी आरमार आणि त्यातील माणसे



१९१४ साली जर्मनी युद्धाला कितपत सज्ज होता, हा प्रश्न बहुधा तोफा आणि जहाजे मोजून सोडविला जातो. मोजदाद केली तर उत्तर होकारार्थी येते. १८९८ व १९०० च्या आरमारी कायद्यांच्या बळावर ॲडमिरल तिर्पित्झने प्रचंड ताफा उभारला होता. मोठ्या युद्धनौका जाव्यात म्हणून कीलचा कालवा रुंद करण्याचे काम जून १९१४ मध्ये, म्हणजे अगदी युद्धाच्या तोंडावर, पुरे झाले होते.

मात्र सैन्याची गोष्ट पाहा. १९१२-१३ मध्ये लुडेनडॉर्फ प्रभृती सेनानी तीन नव्या कोअर मागत होते; युद्धमंत्री फॉन हीरिंगेन यांनी त्या नाकारल्या. कारण पैशाचे नव्हते. सैन्य वाढवायचे तर युंकर जमीनदारांबाहेरचे अधिकारी घ्यावे लागणार आणि शहरी कामगारांच्या हाती बंदुका द्याव्या लागणार! १९१२ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट ११० जागा जिंकून सर्वांत मोठा पक्ष ठरले होते, हे राज्यकर्ते विसरले नव्हते. ज्यांच्या जोरावर लढायचे, त्यांचीच धास्ती.

ही धास्ती अनाठायी ठरविली ती दुर्दैवाने त्या पक्षाच्याच पुढाऱ्यांनी. ४ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांनी युद्धकर्जाला मत दिले. हे आपल्या चळवळीतील लांच्छन आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २ डिसेंबरला दुसऱ्या कर्जाविरुद्ध हात वर केला तो एकट्या कार्ल लीब्कनेख्तने.

सारी मांडणी झटपट विजयाच्या हिशेबावर होती. ब्रिटिश नाकेबंदीने चिलीहून येणारे नायट्रेट अडले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी हवेतील नायट्रोजन वापरून दारूगोळ्याची वेळ निभावली. भाकरी मात्र हवेतून काढता येईना. १९१६-१७ चा हिवाळा कामगारवस्त्यांनी सलगम खाऊन काढला.

आणि ते आरमार? मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईनंतर ते बहुतांशी बंदरातच पडून राहिले. अधिकाऱ्यांचे ताट वेगळे, खलाशांचे वेगळे. ऑगस्ट १९१७ मध्ये खलाशांनी तोंड उघडले. राइखपीच आणि क्योबिस या दोघांना ५ सप्टेंबरला गोळ्या घातल्या गेल्या. पुढे ऑक्टोबर १९१८ मध्ये तहाची बोलणी चालू असतानाच ॲडमिरलांनी अखेरच्या लढाईसाठी ताफा जमविला. २९ तारखेच्या रात्री जहाजांच्या पोटात कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांनी भट्ट्या विझविल्या. ४ नोव्हेंबरला कील शहर खलाशांच्या आणि गोदी कामगारांच्या हाती होते.