बसण्याचा हक्क

मद्रासमधील एक मोठा तलाव बुजवून १९२० नंतरच्या दशकात त्यागरायनगर वसले. चेन्नईतील हेच टी. नगर आज कापड व दागिने यांची पेठ म्हणून विख्यात आहे. तेथे गिऱ्हाईक खुर्चीवर विसावून साड्या पाहते. त्या उलगडून दाखविणारी मुलगी मात्र सकाळपासून उभी असते. शहरातले भाडे परवडत नाही, म्हणून खेड्यांतून आलेले अनेक नोकर दुकानानेच दिलेल्या जागेत राहतात. नोकरी गेली की निवाराही जातो. मग पाय दुखतात हे सांगायचे कोणी? त्यांची ही कथा ‘अंगाडी तेरू’ या तमिळ चित्रपटाने २०१० साली पडद्यावर आणली.

बसलेला नोकर दिसला की गिऱ्हाईक नाराज होते, असे दुकानदारांचे म्हणणे. तरीही केरळने २०१८ साली व तमिळनाडूने २०२१ साली कायदा करून दुकानांत नोकरांसाठी बैठकीची सोय बंधनकारक केली. कायद्याने खुर्ची आली. तीवर निर्धास्तपणे बसण्याची मुभा मात्र गिऱ्हाइकाच्या नजरेने द्यावयाची आहे. साडी क्षणभर उशिरा उलगडली, तर लग्नाचा मुहूर्त काही टळत नाही!