पेटी आली नाही तेव्हा



संगीत नाटकावर बोलावयास मला पाचारण केले, तेव्हा मी चिटणीसांना विचारले, गाणारे सोडून माझ्याकडे कसे आलात? मला सूर लागत नाही. पण १९७९ च्या जानेवारीत, राजूरला शाळेत असताना, आम्ही मुलांनी 'सौभद्रा'चे दोन प्रवेश केले आणि पडदा ओढण्याचे काम माझ्याकडे होते. पडदा ओढणाराला सारी फजिती दिसते. तीच सांगतो.

राजूर अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत. पलीकडे भंडारदऱ्याचे धरण, त्याहून वर कळसूबाई. जानेवारीतली तिथली थंडी गळ्याला मानवणारी नव्हे. पेटीवाले मास्तर अकोल्याहून यावयाचे होते; दाढीमिशा आणि कृष्णाचा मुकुट त्यांच्याबरोबरच. दिवेलागणीला निरोप आला, की त्यांची जीप विठ्याच्या घाटात बंद पडली आहे. इकडे मैदानात वाड्यापाड्यांतून आलेली माणसे घोंगड्या पांघरून बसलेली.

मुले रडवेली झाली. आमचे गुरुजी मोठ्या मनाचे, पण त्यांनी त्या वेळी जे केले ते मला आजही रुचत नाही. त्यांनी बालगंधर्वांची गोष्ट सांगितली. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली, तरी ते रंगभूमीवर उभे राहिले. गोष्ट खरी आहे. पण पोटचे मूल गेलेल्या बापाचे दुःख आणि न आलेला मुकुट एका तराजूत घालावयाचे नसतात. मुले अधिकच घाबरली. सांगावयाचेच होते तर हे सांगावयाचे, की 'सौभद्र' १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात प्रथम झाले ते तीनच अंकांचे! उरलेले अंक अण्णासाहेब किर्लोस्करांनी मागाहून रंगभूमीवर आणले. अपुऱ्या नाटकाला लोक तेव्हाही आलेच होते.

प्रयोग रद्द करावा असे ठरतच होते. तेवढ्यात सुभद्रा झालेली मुलगी म्हणाली, "गुरुजी, मला पुढल्या साली शाळेत ठेवणार नाहीत." एवढेच. गुरुजी उठले आणि भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बाबांना घरून घेऊन आले.

बाबांचा हात चांगला, पण सवय काळी चारची. भजनात सारे वरच्या पट्टीत गातात. सुभद्रेची तालीम त्याच पट्टीत झालेली, तिला काही अडले नाही. अर्जुनाने मात्र सारे काळी एकमध्ये घोटलेले, त्यात त्याचा आवाज त्याच वर्षी फुटलेला. पट्टी बदलली की बोटांना सारी नवी वाट धरावी लागते, ते बाबांना ऐनवेळी जमेना. पहिल्याच ओळीला अर्जुनाचा आवाज चिरकला. लोक हसले. तो क्षणभर थांबला आणि पद गद्यासारखे बोलू लागला. बाबा शहाणे; त्यांनी नुसता षड्ज धरून ठेवला. जाणकार याला अपराध म्हणतील. मला मात्र त्या पदाचा अर्थ त्या रात्री पहिल्यांदा कळला.

दुसऱ्या प्रवेशात सुभद्रा गात असताना वीज गेली. गॅसबत्ती होती, पण तिचे मॅन्टल फुटलेले. मी पडद्याची दोरी धरून उभा. ओढू की नको? सुभद्रा थांबली नाही. बाबाही थांबले नाहीत. अंधारात पेटी वाजवायला त्यांना भजनाने शिकवले होते.

आणि समोरचे कोणी जागचे हलले नाही. आमच्या भागात बोहाडा होतो. देवदैत्यांचे मुखवटे चढवून सोंगे रात्री नाचतात, संबळ वाजत असतो. पूर्वी हे सारे टेंभ्यांच्या उजेडात चाले. त्या माणसांना विजेचे काय कौतुक! दोघे जण उठले, काठ्यांना चिंध्या गुंडाळल्या, रॉकेलमध्ये बुडवल्या आणि रंगमंचाच्या दोहों बाजूंना टेंभे धरून उभे राहिले. त्या हलत्या उजेडात कृष्णाच्या डोक्यावर मुकुट नाही, हे कोणाच्या ध्यानातही आले नसावे.

पद संपले आणि मागून कोणीतरी "वन्समोअर" ओरडले. सुभद्रेला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. आपले काही चुकले असे वाटून ती विंगेत माझ्याकडे पाहू लागली. मी हातानेच सांगितले, पुन्हा म्हण. तिने पुन्हा म्हटले, सावकाश, पहिल्याहून मोकळ्या गळ्याने.

जीप अकरा वाजता आली. मास्तर मुकुट घेऊन उतरले, तेव्हा आम्ही सतरंज्या गुंडाळीत होतो.