तान्ह्याचे दूध
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, मला कुठे येते भाषण? त्या म्हणाल्या, घरात जे केले तेच सांगा. यंदा माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला अंगावर पाजताना पहिल्या पंधरा दिवसांत काय काय अडले, ते आज सांगते.

पाजणे म्हणजे आपोआप जमणारी गोष्ट, असे आपण समजतो. तसे नाही. बाळाला ओढायला शिकावे लागते, आईला धरायला शिकावे लागते, आणि घरातल्या माणसांना थोडे गप्प बसायला शिकावे लागते. तिसरे सर्वांत कठीण!

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. दाट, पिवळसर आणि अगदी थोडा. पूर्वी कित्येक घरांत तो पिळून टाकीत आणि बाळाला मध किंवा साखरेचे पाणी चाटवीत. पण तान्ह्याचे पोट तेव्हा एवढेसे असते, त्याला तो थोडा चीकच पुरतो, आणि रोगाशी झगडण्याची शक्ती त्यातूनच मिळते. म्हणून जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातली शंभरातली सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसली, पण तासाभरात अंगावर घेतलेली बाळे शंभरात सुमारे ४२ च निघाली. म्हणजे दवाखाना जवळ आला, तरी सवय बदललेली नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नये; त्यातून क्वचित जिवावरचे दुखणे होऊ शकते.

आमच्या बाळाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आणले. त्या रात्री ते सारखे रडले. घेतले की दोन घोट ओढी, सोडी, पुन्हा रडे. लेकीची बोंडे चिरली होती. बाळ जवळ आणले की ती दात आवळून घेई. घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “हिला दूधच नाही. पोराला उपाशी मारणार का?” लगेच पावडरीचा डबाही आला. लेक रडत म्हणाली, “आई, मी नाही पुरत याला.” ते शब्द मला फार लागले. डबा मी फोडू दिला नाही. सकाळपर्यंत बाळाला पुन्हा पुन्हा अंगावरच घ्यायला लावले.

सकाळी आशाताई आल्या. त्यांनी आधी बाळाला किती वेळा लघवी झाली ते विचारले, मग वजन केले. जन्मतः २ किलो ७०० ग्रॅम होते, ते २ किलो ५२० भरले. आमचे चेहरे उतरले. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसांत एवढे वजन उतरतेच. मग त्यांनी पाजताना पाहिले. बाळ नुसते बोंड चोखीत होते! त्यांनी बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकवले, डोके आणि अंग एका रेषेत धरले, आणि तोंड मोठे उघडताच भोवतालच्या काळ्या भागासकट तोंडात दिले. हनुवटी आईला टेकली. थोड्याच वेळात गिळल्याचा आवाज ऐकू आला. दूध नव्हते असे नाही. धरणे चुकले होते.

चौथ्या दिवशी छाती दाटून दगडासारखी झाली. पाजण्याआधी कोमट फडक्याने शेकले, थोडे हाताने पिळून मऊ केले, की बाळाला धरता येई. चिरलेल्या बोंडांना पाजून झाल्यावर शेवटचे थेंब लावून वाळू दिले. चौदाव्या दिवशी वजन २ किलो ७८० भरले.

डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर आम्हीही केली. त्याने बाळंतिणीला ताकद येते. पण दूध वाढते ते बाळाने ओढल्याने. जितके पाजावे तितके येते, आणि रात्रीचे पाजणे तर मुळीच चुकवू नये. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसाला सहा वेळा तरी लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. सहा महिने पाणी नको, गुटीही नको. मात्र बाळ सुस्त पडले, ओढीनासे झाले, किंवा आईला ताप येऊन छाती लाल झाली, तर घरी बसू नये, डॉक्टर गाठावा.

काही आयांना खरोखरच दूध पुरत नाही, काही बाळे दिवसांआधी येतात. त्यांना पिळलेले दूध वाटी-चमच्याने पाजता येते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली. तिथे एका आईचे दूध दुसरीच्या बाळाला मिळते. डॉक्टरांनी सांगितले तर वरचे दूधही द्यावे, त्यात आईला कमीपणा नाही. परंतु शेजारणीच्या सांगण्यावरून डबा आणू नये. या डब्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नव्हे.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण बाळंतविडा घेऊन जातो, तेव्हा पहिला प्रश्न करतो, “दूध पुरते ना ग?” या प्रश्नाने कच्ची बाळंतीण खचते. त्याऐवजी “तू जेवलीस का? झोपलीस का?” असे विचारू या. शक्य तर तासभर बाळ मांडीवर घेऊन तिला झोपू देऊ या. आपल्यापैकी दोघी-तिघींनी आशाताईंकडून धरण्याची पद्धत शिकून घेतली, तर आळीतल्या प्रत्येक नव्या आईला त्याचा उपयोग होईल. माझे नाव त्यात पहिले लिहावे.