उकिरड्यातलं प्लॅस्टिक आणि आपली ग्रामपंचायत



मृगाआधी आपण उकिरडा उपसून शेतात खत टाकतो. यंदा गाडी रिकामी केल्यावर त्या खताकडे जरा वाकून बघा. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, औषधांची झाकणं! शेण कुजतं, हे कुजत नाही. वखराच्या पाशीत अडकतं, पाणी मुरायला आडवं येतं. जनावरानं खाल्लं तर पोट फुगतं आणि रवंथ थांबते.

एकट्यानं निवडून हे संपणार नाही. गावची सफाई आणि केरकचरा काढणं हे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीच्या कामांत येतं. पण पुष्कळ गावी काय चालतं? ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीतून भरते आणि ओढ्याकाठी रिकामी होते. गाव झाडलेलं दिसतं. पहिल्या पुरात तोच कचरा खालच्या शिवारात, खालच्या विहिरींत जातो. याला सफाई कसं म्हणायचं?

वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्याआधी महिलांची सभा. कचऱ्याचा विषय पत्रिकेवर घ्या म्हणून आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागणी साधी ठेवा: ट्रॉली ओढ्यापासून लांब रिकामी व्हावी, आणि ओला-सुका कचरा घरातच वेगळा व्हावा. महिलांच्या सभेत हा विषय आधी निघाला तर फार बरं; केर भरणाऱ्या हातांनाच अडचण ठाऊक असते.

ओल्या कचऱ्यासाठी नाडेप टाकं बांधा. पुसदच्या नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांची ही पद्धत. टाकं 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच; विटांच्या भिंतीला हवेसाठी भोकं ठेवायची. सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थर द्यायचे. वर दीड फूट छपरासारखा ढीग करून शेणमातीनं लिंपा. 15-20 दिवसांत तो खाली बसतो. पुन्हा भरा, पुन्हा लिंपा. भेगा पडू देऊ नका, ओल टिकवा. साधारण साडेतीन-चार महिन्यांत खत तयार होतं. टाक्याला शेण जेमतेम 100 किलो लागतं. ज्याच्या दावणीला एकच गाय आहे, त्यालाही हे जमतं. गवत मात्र बी धरण्याआधी टाका, नाहीतर खताबरोबर तण पेराल.

आता फवारणीच्या बाटल्या. या ना उकिरड्यात, ना ट्रॉलीत. औषध पंपात ओतल्यावर बाटली तीनदा विसळा, ते पाणी पंपातच घाला. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी तिच्यात तेल-पाणी भरणार नाही. जाळू नका. पंप विहिरीवर धुण्याची सवय तर आजच सोडा. आणि या बाटल्यांसाठी कुलपाची वेगळी पेटी कुठं ठेवायची, हेही त्याच ग्रामसभेत ठरवून घ्या.