कार्तिकातले चतुर



कामगार चळवळीतला माणूस चतुरांवर काय बोलणार, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि तळ्याच्या बांधावर झाले. सोलापुरात विडी कामगार भगिनींच्या सभेला जागा मिळेना, तेव्हा आम्ही वस्तीमागच्या जुन्या खाणीतल्या तळ्याकाठी बसू लागलो. माणसे जमेपर्यंत डोळ्यांना दुसरे काम नसे.

पावसाळ्यात चतुर सर्वांनाच दिसतात. खरी ओळख पटते ती दिवाळीनंतर, पाणी ओसरू लागले म्हणजे. बसताना पंख आडवे पसरतो तो चतुर. बहुधा पाठीवर मिटून घेते ती टाचणी. नर काठावरची एखादी काडी धरून बसतो, दुसरा आला की त्याला हुसकावतो आणि फिरून त्याच काडीवर येतो. मादी शेपटीचे टोक पाण्याला टेकवीत अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी पाण्यातच वाढते आणि खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते. याच सुमारास पिवळसर चतुरांचे थवे भारतातून निघून मालदीव बेटांवर उतरतात, आणि वाऱ्याच्या आधाराने समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात, असे चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने २००९ साली मांडले. पोटासाठी मुलूख सोडणारे आपणच एकटे नव्हे!

आता एक कबुली. एके वर्षी वस्तीत हिवताप आला. आम्हीच मोर्चा नेला आणि तळ्यात औषध फवारून घेतले. विजय झाला म्हणून पेढे वाटले! पण डासांची पिढी आठ-दहा दिवसांत उभी राहते. चतुराच्या अळीला महिने लागतात. डास परतले, त्या कार्तिकात चतुर मात्र आले नाहीत. आमची मागणी खरी होती, उपाय चुकला होता. ज्याने फुकट राबून आमचे रक्षण केले, त्याचीच रोजी आम्ही बुडविली.

याचा अर्थ सारे चतुरावर सोपवावे असा नाही. डेंग्यूचा डास घरातल्या रांजणात वाढतो. तो रांजण आठवड्यातून एकदा आपणच घासून कोरडा केला पाहिजे. तळ्यात मात्र गटार सोडू नये, राडारोडा टाकू नये, काठचे गवत सरसकट कापू नये. घाण पाण्यातही तग धरणारा एक नारिंगी चतुर आहे. काठावर तो एकटाच उरला, तर तळे आजारी आहे असे समजावे.

आज त्या तळ्यावर टाचण्या परतल्या आहेत, लाल चतुरही दिसतो. येत्या कार्तिकात आपण मुलांना घेऊन आपल्या जवळच्या तळ्यावर जावे. चतुराच्या शेपटीला दोरा बांधू नये. नुसते बसून मोजावे. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी भांडता येत नाही, हे आम्ही संघटनेत शिकलो.